खोगीर आणि खोगीरभरती

अंदमानला जाणार म्हणून सांगितले की ऐकणारा मराठी माणूस क्षणभर गंभीर होतो. काळे पाणी, कोलू, कोठडी आणि सावरकर बंधू ही चित्रे आपल्या मनावर इतकी कोरलेली आहेत, की त्या बेटांवर दुसरे काही असेल हे आपल्या ध्यानीमनीही येत नाही. ‘माझी जन्मठेप’ ज्या घरात नाही असे मराठी घर माझ्या लहानपणी तरी मी पाहिले नव्हते. तेव्हा सेल्युलर जेलसमोर आम्ही नतमस्तक होणार आहोतच. पण ‘जातो आहोत ते मुख्यतः डोंगर चढायला’ एवढे पुढचे वाक्य उच्चारले, की समोरचा गृहस्थ आपल्या प्रकृतीची चौकशी करू लागतो. ‘अहो, सह्याद्री संपला काय?’ असेही एका सद्‌गृहस्थांनी मला विचारले.

सह्याद्री संपलेला नाही. पण गेले वर्षभर आमच्या घरात ज्याच्यावाचून दुसरा विषय नाही, तो डोंगर अंदमानच्या अगदी उत्तर टोकाकडे, समुद्रातून सरळ वर उठलेला आहे. त्याचे नाव सॅडल पीक. दुरून पाहताना घोड्यावरच्या खोगिरासारखा दिसतो, म्हणून दर्यावर्दी इंग्रजांनी त्याला हे नाव दिले. मराठीत त्याला खोगीर शिखर म्हणायला हरकत नाही. उंची सुमारे ७३० मीटर, म्हणजे २,४०० फूट. साऱ्या अंदमान-निकोबार द्वीपसमूहात याहून उंच जागा नाही.

२,४०० फूट ऐकून पुण्यातले वाचक हसतील हे मला ठाऊक आहे. आमचा सिंहगडच समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर, आणि कळसूबाई १,६४६. पण या आकड्यांत एक गंमत आहे. पुणे शहर मुळातच समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांवर वसलेले आहे. आपण चढाईला लागतो तेव्हा निम्मी उंची आपल्या पूर्वजांनी घरे बांधतानाच गाठून ठेवलेली असते. खोगीर शिखराच्या वाटेला अशी सवलत नाही. तिथे पहिले पाऊल वाळूत पडते आणि हिशेब शून्यापासून सुरू होतो.

दिगलीपूर हे उत्तर अंदमानातले मोठे गाव. तिथून सुमारे अठरा किलोमीटरवर कालीपूरचा किनारा आहे. हिवाळ्यात रात्री इथे समुद्रकासवे अंडी घालायला वाळूवर येतात. त्याच्या पुढे लामिया बे नावाच्या खाडीजवळ वनखात्याची चौकी आहे. तिथे नाव नोंदवून परवानगी घ्यायची आणि चालू लागायचे. शिखर इथून साधारण आठ किलोमीटर. सुरुवातीचा बराच भाग समुद्राच्या कडेकडेने, मधूनच एखादा ओढा ओलांडत जातो. आणि मग वाट एकाएकी समुद्राकडे पाठ फिरवते आणि दाट सदाहरित जंगलातून वर निघते. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, आणि ते एका दिवसात. कारण हे राष्ट्रीय उद्यान आहे, रात्री मुक्काम करता येत नाही.

या मोहिमेचे मूळ आमचे मामा. मला वयाच्या आठव्या वर्षी पहिला गड त्यांनी दाखवला. आता त्यांचे वय सदुसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवावी लागली. त्यातून उठल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी जाहीर केले, ‘आयुष्यभर डोंगरावरून समुद्र पाहिला. आता एकदा समुद्रातून डोंगर चढायचा आहे.’ आम्ही हे वाक्य हसण्यावारी नेले. मामांनी मात्र नकाशा विकत आणला.

डॉक्टरांकडे मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. धावपट्टीवर चालवून, तारा लावून सर्व तपासण्या झाल्या. अहवाल चांगले होते. डॉक्टर म्हणाले, ‘चढायला माझी हरकत नाही. हळू चढा. पण मला एक सांगा, तिथून इस्पितळ किती लांब?’

हा प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो, आणि तेव्हापासून सारी आखणी त्या एका प्रश्नाभोवती फिरते आहे. सिंहगडावर कोणाचा पाय मुरगळला, तर चार तरुण धावून येतात, ताक पाजतात, आणि तासा-दीड तासात माणूस पुण्याच्या दवाखान्यात असतो. खोगीर शिखराच्या माथ्याजवळ तेच झाले, तर आधी आठ किलोमीटर जंगलातून खाली, मग वाहनाने दिगलीपूरचे आरोग्यकेंद्र, आणि दुखणे त्याहून मोठे असले तर बेटांच्या राजधानीतले मोठे इस्पितळ, जे रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. त्या रस्त्यावरही मनात येईल तेव्हा निघता येत नाही. वाटेत मोबाइल चालेल या भरवशावर राहू नये, असे जाऊन आलेले लोक सांगतात. डोंगर अवघड नाही. तो दूर आहे.

म्हणून आम्ही आखणी उलट्या बाजूने केली. आपण सहसा ‘किती वाजता निघायचे’ इथून सुरुवात करतो. आम्ही सूर्यास्तापासून केली. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक नाही. उत्तर अंदमान पुण्याच्या पूर्वेला सुमारे एकोणीस रेखांश आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटे या शाळेतल्या हिशेबाने तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे धावतो. अक्षांशाचा थोडा फरक वजा जाता, जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सव्वासहाला मावळणारा सूर्य दिगलीपुरात पाच-दहालाच बुडतो. त्यातून दाट झाडीखाली अंधार अर्धा-पाऊण तास आधी येतो. साडेचारला जंगलात संध्याकाळ, असे धरून चालले पाहिजे.

आता मागे मोजत या. साडेचारच्या आधी एक तास हातचा राखायचा, म्हणजे साडेतीनला चौकीवर. उतरायला मामांच्या चालीने चार तास. म्हणजे साडेअकराला माथा सोडला पाहिजे. सूर्य पावणेसहाला उगवतो. चौकीवरून सव्वासहाला पाऊल टाकता आले तर चढायला सव्वापाच तास मिळतात. साडेसहाला सोडले तर पाच. उशीर झाला तर तो चढाईतून कापायचा, परतीला हात लावायचा नाही. साडेअकराला जो जिथे असेल, त्याने तिथून मागे फिरायचे. शिखर शंभर पावलांवर दिसत असले तरी.

कागदावर हे लिहिणे सोपे असते. मामांना समोर बसवून वाचून दाखवणे सोपे नव्हते. ज्याने आपल्याला बोट धरून डोंगर शिकवला, त्याला ‘तुम्ही मागे पडलात तर...’ हे वाक्य कसे पुरे करायचे? मी वर्गात साठ मुलांसमोर न अडखळता बोलतो. त्या संध्याकाळी तीनदा घसा साफ केला. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘अरे, हे मला शिकवतोस? राजगडाच्या पायथ्याशी पावसात तुला मागे फिरवला होता तेव्हा किती रडला होतास! साडेअकरा म्हणजे साडेअकरा. फक्त घड्याळ तुझ्याकडे नको. तू माझी भीड धरशील.’ आणि त्यांनी घड्याळ माझ्या पंधरा वर्षांच्या कन्येच्या हाती दिले. ती कोणाची भीड धरत नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे.

पण प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. मामा वाटेतच थकले तर? ‘मी एखाद्या झाडाखाली बसतो, तुम्ही जाऊन या,’ हा त्यांचा तोडगा आमच्या सौभाग्यवतीने एका शब्दात निकालात काढला. जंगलात कोणीही एकटे बसणार नाही. मग वाटाडे एकाऐवजी दोन घ्यायचे ठरले. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे एक सहकारी बरोबर येणार आहेत. वेळ आली तर एक वाटाड्या, सौ. आणि कन्या त्यांच्याबरोबर पुढे जातील, आणि दुसरा वाटाड्या आणि मी मामांबरोबर परत फिरू. म्हणजे वर्षभर ज्या शिखराची मी स्वप्ने पाहिली ते मला दिसेलच असे नाही. हे ठरले तेव्हा मामा काही बोलले नाहीत; उठून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

रंगीत तालीम हवीच होती. सिंहगडावर दर रविवारी जाऊन पायांची तयारी होते, पण घामाची होत नाही. अंदमानच्या हवेत दमटपणा इतका, की घाम वाळतच नाही. अंग तापत राहते. म्हणून गेल्या मे महिन्यात, ऐन उकाड्यात, आम्ही पाचाडहून रायगड चढलो. साडेचौदाशेच्या आसपास पायऱ्या, पाठीवर प्रत्येकी तीन लिटर पाणी. पाणी हा फसवा माल आहे. तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि खाली असताना तो नकोसा आणि वर गेल्यावर अपुरा वाटतो. मामांना महादरवाज्यापर्यंत जायला जो वेळ लागला तो कन्येने वहीत टिपला आहे. मी तो इथे देत नाही. मामा हा अंक वाचणार आहेत. डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी मान डोलावली, एवढे पुरे.

ऋतूची निवड फारशी कठीण नव्हती. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, आणि तो आटोपतो न आटोपतो तोच ईशान्येकडचा सुरू होऊन डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. नोव्हेंबर तर वादळांचा. मार्चनंतर उकाडा. उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. आम्ही संक्रांतीचा आठवडा धरला आहे.

भरतीच्या वेळेवरून मात्र घरात चांगली लढाई झाली. वाट समुद्राला चिकटून जाते आणि ओढ्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी आत शिरते, तेव्हा भरती-ओहोटी पाहून निघावे हे उत्तम. मामांचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब त्यांना पाठ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. त्यांनी लगेच कालनिर्णय काढून संक्रांतीची भरती वर्तवली. कन्येने बेटांच्या भरतीचे तक्ते शोधून काढले, तर दोन्हींचा मेळ बसेना. मामा म्हणाले, तक्ता चुकला असेल. शेवटी भूगोलाच्या सहकाऱ्यांनी समजावले, की हिशेब खरा, पण तो आपल्या किनाऱ्याचा. चंद्र एकच असला तरी प्रत्येक बंदराला पाणी पोचण्याची वेळ निराळी. बंगालच्या उपसागराला अरबी समुद्राचे पंचांग चालत नाही. मामांना हे पटले, पण आनंद झाला नाही.

याच सहकाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सह्याद्री लाव्ह्याचा, थरावर थर साचून झालेला. खोगीर शिखराचा खडक निराळा. तो एके काळी समुद्राचा तळ होता. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकताना तळाचा काही भाग खरवडला जाऊन वर उचलला गेला, त्यातून हे डोंगर झाले. आणि ते काम अजून थांबलेले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबारकडची जमीन खचली आणि उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला. पाण्याखालची प्रवाळे उघडी पडली.

शिखरावरून काय दिसेल, यावर आमचे एकमत नाही. झाडी दाट असल्याने आशा फार धरू नये. पण पूर्वेला सुमारे १४० किलोमीटरवर नारकोंडम नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. उंची ७१० मीटर, आपल्या खोगिराच्या अगदी खांद्याला खांदा. दोन्ही उंची धरून क्षितिजाचे गणित केले, तर हवा स्वच्छ असताना एकावरून दुसऱ्याचा माथा दिसायला हरकत नाही. त्या बेटावर जो धनेश आढळतो, तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. कन्येने गणित दोनदा तपासले आहे आणि दुर्बीण उसनी आणली आहे. उत्तरेला म्यानमारची कोको बेटेही फार दूर नाहीत. आणि खाली, पायथ्याशी, याच डोंगरात उगम पावणारी कल्पाँग नदी. तिच्यावर सव्वापाच मेगावॅटचा एक छोटा वीजप्रकल्पही आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. मला या डोंगराचे खरे नाव काय असेल याचा शोध लागला. खोगीर हे नाव घोडे पाहिलेल्या माणसांनी दिलेले. अंदमानच्या मूळ रहिवाशांनी घोडा कुठला पाहायला! एकोणिसाव्या शतकात ई. एच. मॅन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या ज्या कथा टिपून ठेवल्या, त्यांत पुलुगा नावाच्या देवाचा या शिखराशी संबंध सांगितला आहे. जगाच्या आरंभी तो इथे राहत होता, अशी समजूत. उत्तर अंदमानात तेव्हा चारी, कोरा, बो, जेरू अशा भाषा बोलल्या जात. ज्या किनाऱ्यावरून आम्ही चालणार, तो प्रदेश त्यांचा. बो भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये वारली. अनेक वर्षे तिच्याशी त्या भाषेत बोलायला कोणी उरलेच नव्हते. ती पाखरांशी बोलत असे, असे तिच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या अन्विता अब्बी यांनी सांगितले आहे. दिगलीपुरात आज राहणारे बहुतेक लोक १९५० नंतर पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली निर्वासितांची मुले-नातवंडे. भातशेती, मासळी, दुर्गापूजा, सारे त्यांनी बरोबर आणले. डोंगराची जुनी हाक मात्र कोणाच्या कानावर नाही.

तिथे पोचायचे कसे, हा वादही याच्याशी जोडलेला आहे. पुण्याहून चेन्नई, तिथून सुमारे १,३६० किलोमीटर समुद्रावरून विमानाने राजधानी. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्यात आले. पुढे दोन मार्ग. एक अंदमान ट्रंक रोड. हा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे वाहने ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या पहाऱ्यात, ताफ्याने जातात. थांबायचे नाही, फोटो घ्यायचे नाहीत, काही द्यायचे नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या जंगलातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. आणि २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून नाचवल्याच्या चित्रफितींनी साऱ्या देशाची मान खाली गेली. कन्या म्हणाली, ‘बाबा, कोणाच्या अंगणातून न विचारता गाडी घालायची का?’ दुसरा मार्ग समुद्राचा. सरकारी बोट दिगलीपूरजवळच्या एरियल बे बंदराला जाते. रोज नाही, आणि हवामान बिघडले तर तीही नाही. आम्ही बोटीचे ठरवले आणि तिच्या लहरीसाठी दोन दिवस जादा धरले. इस्पितळाची निकड आली तर मात्र रस्ताच पत्करावा लागेल.

आता सामानाविषयी. खोगीर शिखर म्हटल्यावर खोगीरभरती आलीच. पहिल्या यादीत सेहेचाळीस जिनसा होत्या, त्यांत इस्त्री होती. सध्या यादी एकोणीसवर आली आहे. प्रत्येकी चार लिटर पाणी, कारण वाटेतल्या ओढ्यांवर भिस्त ठेवायची नाही. टॉर्च प्रत्येकाकडे, परतीचा हिशेब कितीही चोख असला तरी. जळवांसाठी लांब मोजे आणि तंबाखूची पुरचुंडी. हा उपाय कोयनेच्या जंगलात मामांनी शिकलेला. मलेरियाबद्दल डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे. खाडीत पोहायला कोणी उतरायचे नाही, कारण तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. ही अट मुख्यतः भूगोलाच्या सहकाऱ्यांसाठी आहे. शिंपला, प्रवाळ, काहीही उचलून आणायचे नाही, आणि आपण नेलेला कागदाचा कपटाही तिथे टाकायचा नाही.

शिधा सौ.कडे. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणीची चटणी, गूळ-दाणे, आणि तिळाच्या वड्या. दशम्या प्रवासात चार दिवस टिकतात का, याची परीक्षा श्रावणातच झाली. तीन दिवस टिकतात. तेव्हा पीठ बरोबर न्यायचे आणि कालीपूरला चूल मिळाली तर आदल्या रात्री करायच्या, नाहीतर दिगलीपूरच्या बाजारात मिळेल ते. मामांच्या औषधांचे दोन संच, दोन वेगळ्या हॅवरसॅकमध्ये. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या स्वतःच्या खिशात आणि माझ्याही.

बोटीच्या तिकिटांची विक्री थोडेच दिवस आधी सुरू होते, तेव्हा ती मिळतील की नाही हे हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंतही कळलेले नसेल. दोन वाटाड्यांसाठी वनखात्याच्या कचेरीशी पत्रव्यवहार चालू आहे. परवा मामा आले होते. पाडव्यानंतर सिंहगडावर चार लिटर पाणी घेऊन जायचे ठरले आहे. जाताना त्यांनी कन्येला विचारले, ‘घड्याळ पुढे नाही ना गं तुझे?’

‘दोन मिनिटे मागे आहे, मामाआजोबा.’

‘मग लावून ठेव,’ मामा म्हणाले, आणि चपला घालू लागले.